पडद्याचा आजार: जनुकाचा उपचार की पेशींचे रोपण?

प्रश्न (उदगीर)
माझा भाचा अकरा वर्षांचा आहे. दिवेलागणीनंतर त्याला अंगणातली बाजही दिसत नाही. हैदराबादच्या डॉक्टरांनी रेटिनायटिस पिग्मेंटोसा (आरपी), म्हणजे डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी हळूहळू मरण्याचा आनुवंशिक आजार, असे निदान केले. बहीण आत्याच्याच घरी दिलेली आहे, हेही त्यांनी आवर्जून लिहून घेतले. आता एक खाजगी केंद्र डोळ्यात मूळ पेशींचे (ज्यांपासून इतर पेशी बनू शकतात त्यांचे) इंजेक्शन देण्यासाठी साडेतीन लाख रुपये मागत असून दाजी शेत गहाण टाकायला निघाले आहेत. जनुकाचा उपचार म्हणतात तो हाच का?

उत्तर (लातूर)
नाही. जनुकोपचारात जिवंत पण बिघडलेल्या पेशीत जनुकाची चांगली प्रत पोहोचवतात. पेशीच मेली असेल तर प्रत ठेवायची कुठे? आरपीई६५ हे जनुक आईवडील दोघांकडून सदोष आले, तर आहारात अ जीवनसत्त्व भरपूर असूनही पडदा ते प्रकाश टिपण्यासाठी पुन्हा वापरू शकत नाही, म्हणून तिथे गोळ्यांचा उपयोग होत नाही. यावरच्या लक्सटर्ना या औषधाला अमेरिकेत डिसेंबर 2017 मध्ये मान्यता मिळाली. निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून ते जनुक शस्त्रक्रियेने पडद्याखाली सोडतात. तिथली मूळ किंमत एका डोळ्याला सव्वाचार लाख डॉलर होती, म्हणजे आपल्या शेतांनी भागणारे हे काम नव्हे. शिवाय ते या एकाच जनुकासाठी आहे आणि आरपी तर डझनावारी जनुकांतल्या दोषांमुळे होतो. त्यांतली काही इतकी मोठी, की त्या विषाणूत मावतच नाहीत. म्हणून आधी मुलाची आणि आईवडिलांची जनुकीय तपासणी करून घ्यावी.

उत्तर (परभणी)
पेशींबद्दल थोडे. 2014 मध्ये जपानमधील कोबे येथे मासायो ताकाहाशी यांच्या गटाने एका वृद्ध महिलेच्या त्वचेपासून पडद्यामागच्या रंगद्रव्य पेशींचा थर तयार करून तो तिच्याच डोळ्यात बसवला. थर टिकला, परंतु दृष्टी सुधारली नाही आणि ढासळलीही नाही. प्रकाश टिपणाऱ्या पेशी बदलणे त्याहून अवघड, कारण नव्या पेशीने मागच्या चेतातंतूंशी जोडणी करायला हवी. याउलट फ्लोरिडात पैसे घेऊन पोटाच्या चरबीतल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचल्याने तीन महिलांची दृष्टी गेली. ही हकीकत 2017 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. दाजींना एवढेच विचारा, की हा उपचार चाचणी म्हणून नोंदवलेला आहे काय, आणि असेल तर पैसे कसले मागतात?

प्रश्नकर्ता
आभार. धाकटी भाची चार वर्षांची आहे. तिलाही तपासावे काय?

उत्तर (लातूर)
अवश्य. दोष आईवडील दोघांकडूनही आला असेल, तर प्रत्येक अपत्याला चारात एक शक्यता राहते. मात्र आधी मुलाचा अहवाल येऊ द्या, म्हणजे तिच्या रक्तात नेमके काय शोधायचे ते प्रयोगशाळेला ठाऊक असेल. तोवर त्याला वर्गात पुढच्या बाकावर, खिडकीच्या उजेडात बसवायला मास्तरांना सांगा.