फणसाचा ओंडका पऱ्यातून वर काढायचाय, घरगुती जुगाड सुचवा

पाणंदकर:
नमस्कार मंडळी. गाव दापोलीच्या पुढे. खालच्या बागेत पऱ्याला (ओढ्याला) लागून आमचा जुना फणस होता, तो गेल्या आषाढात मुळासकट आडवा झाला. फांद्या जळणाला गेल्या, बुंधा तसाच पडलाय. वडिलांचं म्हणणं घराच्या चौकटी ह्याच लाकडाच्या करायच्या, आजोबांनी लावलेलं झाड आहे, वखारीत विकायचं नाही. मुद्दा पटतो पण ओंडका वर कसा आणायचा ते वडील सांगत नाहीत 😄

माप: लांबी १५ फूट, घेर ६ फूट. सुतार बघून गेला, म्हणाला पावणेचौतीस घनफूट भरेल. पऱ्यापासून पाणंदीपर्यंत साधारण दीडशे फूट अंतर, चढ २५ फुटांचा, मध्ये एक गडगा (दगडांचा रचलेला बांध). पुढे पाणंदीने तीनशे फूट सपाट पण दगडगोटे, मग आमचा गोठा. जेसीबी आत येत नाही, यायचा तर शेजाऱ्यांची सुपारी आडवी करून यावा लागेल आणि त्यापेक्षा मी फणस तिथेच कुजवेन. हाताशी काय आहे: एक टनी चेनपुली, शेजारच्या काकांचा पॉवर टिलर, पहारी, नायलॉनचा दोर, माणसं मी धरून चार आणि त्यातले दोघं पन्नाशीच्या वरचे. टिलरने सरळ ओढला तर येईल का? कोणी केलंय का असं?

लोखंडी_चणे:
पहिली गोष्ट, ते पावणेचौतीस घनफूट विसर. सुतार घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतो आणि लांबीने गुणतो, दीड गुणिले दीड गुणिले पंधरा. हा लाकूड विकत घ्यायचा हिशोब आहे, साल आणि वाया जाणारं सोडून. ओढताना तुला साल पण ओढायचीय ना. गोल धरून खरा हिशोब केलास तर ४३ घनफूट येतं, आणि ओलं लाकूड घनफुटाला २५ किलो धरलं तर टनाच्या वर गेला तुझा ओंडका.

मातीवरून फरफटत न्यायचा म्हणजे वजनाच्या निम्मा जोर तर नुसता घासण्यातच जातो, वरून चढाचा वेगळा. म्हणजे सहा-सातशे किलोची ओढ, आणि ती पण ओंडक्याचं नाक जमिनीत घुसलं नाही तर. घुसतंच.

तर आधी दोन तुकडे कर, साडेसात साडेसातचे. चौकटीला सात फूट लागतात, अर्धा फूट टोकं फाटतात त्यात जाईल. सगळा पंधरा फुटी वर आणून तू करणार काय, वाशांना फणस कोण वापरतं.

चेनपुली आडवी वापरू नकोस. ती उभं उचलायला असते, आडवी ताणली की चेन पीळ घेऊन अडकते, आणि दहा फुटांत संपते. दीडशे फुटाला पंधरा वेळा बांध-सोड, बांध-सोड, संध्याकाळपर्यंत चौघं एकमेकांशी बोलणार नाही. तारेचा दोर आरपार जाणारं हाताने हापसायचं पुलिंग मशीन मिळतं, विहिरीचं आणि टॉवरचं काम करणाऱ्यांकडे असतं, भाड्याने आण.

भातखाचर:
टिलरबद्दल सांगतो कारण ह्यातलं मी भोगलंय. टिलरचं स्वतःचं वजन ते किती आणि ओंडक्याचं किती. चढावर चाकं जागेवर फिरून खड्डा करतात, दुसरं काही होत नाही. आमच्याकडे एकाने मग शहाणपणा करून टिलर सोडला आणि ट्रॅक्टर आणला आणि दोर खालच्या हुकाला न बांधता वर टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी बांधला, म्हणे वरून ओढलं की ओंडका उचलला जाईल. उचलला गेला ट्रॅक्टर. पुढची चाकं हवेत, ड्रायव्हरने क्लच दाबला म्हणून वाचला नाहीतर उलटा अंगावर. दोर कायम आसाच्या खाली, हुकाला. आणि झटका मारून ओढायचं नाही, ताण हळूहळू द्यायचा.

सपाट पाणंदीवर मात्र टिलर चालेल, पण ओंडक्याखाली चाक पाहिजे.

आलापल्लीकर:
भाऊ तुमच्या एका फणसाची चर्चा वाचून मजा आली, आमच्याकडं गडचिरोलीत सागाचे असे ओंडके हत्ती ओढत होते. कमलापूरला वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे न, आता लोक फोटो काढायला जातात, पण ते हत्ती मुळात लाकडाच्याच कामाचे. इकडचा साग बल्लारशाच्या डेपोत जातो, २०२३ ला अयोध्येच्या मंदिराच्या दरवाज्यांसाठी तिथूनच गेला.

हत्ती तुमच्याकडं नाही, पण एक काम करता येते. ओंडक्याचं पुढचं तोंड कुऱ्हाडीनं चारही बाजूंनी तासून गोल करा, होडीच्या नाकासारखं. सपाट कापलेलं तोंड प्रत्येक दगडाले आणि मुळीले अडते, गोल तोंड त्याच्यावर चढून जाते. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि जाड टोक पुढं ठेवा, निमुळतं मागं.

लोखंडी_चणे:
@आलापल्लीकर बरोबर. तासायचा कंटाळा असेल तर निळा प्लास्टिकचा २०० लिटरचा ड्रम अर्धा कापून टोपीसारखा पुढे चढवायचा, बुडाला भोक पाडून साखळी त्यातून बाहेर. ६ फूट घेर म्हणजे जाडी २३ इंच, ड्रममध्ये जेमतेम बसेल. थोडी साल तासावी लागेलच, म्हणजे कंटाळा काही टळत नाही 😀

मधली_आळी:
पुरुष मंडळी ओढण्यातच अडकलीत. मी दिवेआगरजवळची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या एका वाडीत किती माड, पोफळी, आंबे पडले त्याची मोजदाद नव्हती, आणि रस्ते बंद म्हणून कुठलंही यंत्र यायची सोय नाही. तेव्हा मोठी खोडं आम्ही जागेवरच चिरून घेतली. कटर मशीनला पट्टी लावून फळ्या पाडणारे आता मिळतात. तीन इंची फळी दोन माणसं खांद्यावरून आणतात, ना गडगा पाडायचा ना कोणाच्या सुपारीला धक्का. लाकूड थोडं जास्त वाया जातं, हे खरं.

आणि ओढायचंच असेल तर तो नायलॉनचा दोर घरी ठेवा. नायलॉन ताणला की रबरासारखा लांबतो आणि तुटला की चाबकासारखा येतो. माझ्या दिराच्या हातावर अजून वळ आहे. तारेचा दोर घ्या, त्याच्यावर मधोमध ओलं पोतं टाका, तुटला तर पोतं त्याला खाली पाडतं. पुली लावून दिशा बदलली असेल तर त्या कोनाच्या आतल्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही, मुलं तर आसपास नकोतच.

परवानगीचं बघितलंत का? फणस १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे. पडलेलं झाड असलं तरी वनखात्याकडे अर्ज करून ठेवा, गावाबाहेर गिरणीत न्यायचं तर वाहतूक पास लागेल. पास नसताना टेम्पो अडवला की लाकूडही जातं आणि टेम्पोही.

पाणंदकर:
सगळ्यांचे आभार, खूपच उपयोगी. ताई, जागेवर चिरायचं वडिलांना विचारलं. त्यांचं म्हणणं चौकटीला ५ बाय ३ इंची हवं आणि चांगल्या करवतीवरच चिरायचं, त्यामुळे निदान दोन तुकडे वर आणायचेच. अर्ज टाकला आहे.
@लोखंडी_चणे चाकाचं काही सांगा ना. भंगारात मारुती आठशेचा मागचा आस मिळतोय.

लोखंडी_चणे:
मारुतीचा मागचा आस चांगला, इंजिनाचं काही लफडं नाही त्यात. पण चाक बुटकं. आस जमिनीपासून दहा इंचावर आणि ओंडका २३ इंच जाड, खाली मावणार कसा? आस मधून कापून कमान वेल्ड करावी लागेल, तीन इंची पाइपची, निदान तीन फूट उंच. वेल्डिंग कच्चं निघालं तर सगळं फुकट.

गावात जुनी बैलगाडी आहे का कुणाकडे पडलेली? पावणेपाच फुटी चाक असेल तर आस २८ इंचावर येतो. साटा (वरचा माल ठेवायचा सांगाडा) काढून टाक, नुसता आस, चाकं आणि दांडी ठेव. गाडी ओंडक्यावर आण, दांडी आभाळाकडे उभी कर, ओंडक्याच्या पुढच्या टोकाला साखळी घालून आसावरच्या लाकडाला घट्ट आवळ. मग दोर लावून दांडी खाली ओढ. साखळी आसावर चढते आणि नाक उचललं जातं. मागचं टोक जमिनीवर घासू दे, उतारावर तोच ब्रेक. नऊ फुटी दांडी असेल तर दोन माणसांत आरामात होतं. फक्त दांडी खाली आल्यावर लगेच ओंडक्याला बांधून टाक. हातातून सुटली तर दात पाडते, गंमत नाही.

पाणंदकर:
अपडेट. गाडी मिळाली, वरच्या वाडीत गोठ्यात कोंबड्या बसायच्या तिच्यावर. एक चाक डुगडुगत होतं, धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) सैल झालेली, रात्रभर पऱ्यात बुडवून ठेवलं तेव्हा लाकूड फुगून घट्ट झालं (ही वडिलांची आयडिया, इतके दिवस गप्प होते).

चढ पुलिंग मशीनने केला, तोंड तासून. दीडशे फुटाला साडेचार तास. आंब्याच्या बुंध्याला तळाशी बांधलं, खाली जुन्या टायरचा तुकडा दिला म्हणून साल सोलली नाही. गडग्याचे दगड आठ फूट उतरवले, परत रचायचेत. पाणंदीवर गाडी आणि टिलर, वीस मिनिटांत गोठ्यापर्यंत. चढाच्या मानाने काहीच नाही.

दुसरा तुकडा अजून खालीच आहे, मशीन परत द्यायचं होतं. पास यायचाय म्हणून पहिला गोठ्यामागे चिऱ्यांवर उचलून ठेवलाय, दोन्ही टोकांना शेण लिंपून, म्हणजे फाटणार नाही. शेणाऐवजी ऑइलपेंट लावावा का? सुतार एक म्हणतो, वडील एक.