मदत हवी आहे (तातडीचं): महाधमनीत स्टेंट टाकलेले पेशंट पुढे कसे राहतात?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)
अण्णांना (वय ६७) परवा इस्लामपूरहून पुण्याला हलवलं. एओर्टाचा (महाधमनी, हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) प्रॉब्लेम आहे. एक डॉक्टर म्हणतात स्टेंट टाकून मोकळे व्हा, दुसरे म्हणतात बीपी आता ताब्यात आहे, गोळ्यांवर ठेवू. अंदाज नऊ-दहा लाखांचा दिलाय. उद्या सकाळी सांगायचंय. मला एवढंच हवंय: स्टेंट टाकलेल्यांचं पुढे काय होतं? किती जगतात, परत काही करावं लागतं का? "डॉक्टरांनाच विचारा" हे कृपया लिहू नका, विचारूनच इथे आलोय.

नाद_एकच
टेन्शन घेऊ नका. सासऱ्यांना दोन स्टेंट आहेत, तिसऱ्या दिवशी घरी आले, आता रोज पर्वती चढतात. आणि दहा लाख?? सरकारने २०१७ मध्येच स्टेंटच्या किमती तीस हजारांच्या आत आणल्या होत्या. सरळ लूट आहे, तक्रार ठोका.

कृष्णाकाठ
दादा, हा हृदयाचा स्टेंट नाही हो. ते सगळं आमचं होऊन गेलंय, २०१३ ला बायपास झालीये अण्णांची. हे महाधमनीचं आहे. माहीत असेल त्यांनीच लिहा प्लीज, वेळ नाहीये.

गवती_चहा
@नाद_एकच, ती किंमत हृदयाच्या स्टेंटची. हा स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या जाळीवर कापड चढवलेली नळी, अंगठ्यापेक्षा जाड. मिटलेल्या अवस्थेत जांघेतून वर नेतात आणि छातीत उघडतात. याला ती मर्यादा लागू नाही.

नाद_एकच
कापड आणि तारेचे दहा लाख. बरं.

काळीपांढरी_फिल्म
मी रेडिओलॉजिस्ट. 'एओर्टाचा प्रॉब्लेम' एवढ्यावर काहीच सांगता येत नाही. फुगवटा आहे की आतला थर फाटलाय? चढत्या भागात, कमानीत की छातीतून खाली उतरणाऱ्या भागात? सीटी अँजिओच्या रिपोर्टमधलं शेवटचं 'इंप्रेशन' इथे टाइप करा. नाव, नंबर नको.

वनौषधी_प्रेमी
अर्जुनसालीचा काढा, सकाळी अनशापोटी, दुधात उकळून. महिन्याभरात फरक. आमच्या शेजाऱ्यांची अँजिओग्राफी टळली.

गवती_चहा
अहो, महाधमनीचं दुखणं आहे माणसाचं. काढा कसला देताय?

कृष्णाकाठ
रिपोर्ट भावाकडे होता, आता मिळाला. "स्टॅनफर्ड टाइप बी डिसेक्शन, फाट डाव्या सबक्लेव्हियन धमनीच्या लगेच पुढे, महाधमनीची कमाल रुंदी ४३ मिमी, फॉल्स ल्युमेन २५ मिमी, आतड्याच्या व मूत्रपिंडाच्या धमन्या सुरू." आता सांगा.

काळीपांढरी_फिल्म
हे महत्त्वाचं होतं. डिसेक्शन म्हणजे आतला थर फाटणं, फॉल्स ल्युमेन म्हणजे त्या फाटीतून थरांमध्ये झालेली खोटी वाट, सबक्लेव्हियन म्हणजे हाताकडे जाणारी धमनी. टाइप ए म्हणजे चढत्या भागात, टाइप बी म्हणजे खाली उतरणाऱ्या भागात. टाइप ए असती तर चर्चेला वेळच नव्हता, तातडीने छाती उघडावी लागली असती. टाइप बी मध्ये धमनी फुटत असेल किंवा आतड्याला, किडनीला, पायाला रक्त मिळत नसेल तर स्टेंट ग्राफ्ट लगेच घालतात, त्यावर फारसा वाद नाही. तुमच्यासारख्या स्थिर पेशंटमध्येच दोन डॉक्टरांची दोन मतं होतात.

यावर युरोपात 'इन्स्टेड' नावाची चाचणी झाली, १४० स्थिर पेशंटवर. निम्म्यांना फक्त औषधं, निम्म्यांना औषधं आणि स्टेंट ग्राफ्ट. दोन वर्षांनी जगण्यात काहीच फरक दिसला नाही. पाच वर्षांनी मात्र महाधमनीमुळे झालेले मृत्यू ग्राफ्ट गटात ६.९ टक्के आणि नुसत्या औषधांवर १९.३ टक्के. म्हणजे फायदा आहे, पण तो उशिरा दिसतो. सुरुवातीला प्रक्रियेची जोखीम पत्करावी लागते: पक्षाघात, मणक्याचं रक्त तुटून पाय लुळे पडणं, आणि क्वचित फाट उलटी वर सरकून टाइप ए होणं. पाय जाण्याचा धोका शंभरात काही जणांनाच असतो, पण ज्याचे जातात त्याच्या घरी टक्केवारी सांगून उपयोग नसतो. म्हणून तो विषय आधीच बोलून घ्या.

४० मिमीच्या वर महाधमनी आणि २२ च्या वर फॉल्स ल्युमेन असेल तर ती पुढे फुगत जाण्याची शक्यता जास्त धरतात. तुमचे दोन्ही आकडे वर आहेत. स्टेंट सुचवणाऱ्या डॉक्टरांनी हेच पाहिलं असावं.

शून्यवादी
अर्धवट आकडे देऊ नका. त्याच चाचणीत कोणत्याही कारणाने झालेले एकूण मृत्यू ११.१ विरुद्ध १९.३ टक्के होते, आणि हा फरक सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध झाला नाही. गट लहान. माणूस मेला की मेला, कशाने मेला हे नंतरचं.

काळीपांढरी_फिल्म
मान्य, एकूण मृत्यूंचा आकडा मी द्यायला हवा होता. पण आजार वाढत जाण्याचं प्रमाण २७ विरुद्ध ४६ टक्के होतं, तेही लिहा की.

शून्यवादी
तुम्ही लिहिलंत, आता पूर्ण झालं.

सुमतीकाकू_मिरज
आकडे तुम्ही बघा, मी घरचं सांगते. माझ्या भावाला सहा वर्षांपूर्वी बसवला. चौथ्या दिवशी चालत होता. पण संपलं असं होत नाही बाळा. पहिल्या महिन्यात, सहाव्या महिन्यात, वर्षाने आणि मग दरवर्षी सीटी. तिसऱ्या वर्षी खालच्या टोकाकडून रक्त झिरपताना दिसलं, मग अजून एक तुकडा जोडला. त्याचा खर्च वेगळा. आणि बीपीच्या गोळ्या कायमच्या. अण्णा तंबाखू खातात का? गोळ्या मध्येच बंद केल्या होत्या का?

कृष्णाकाठ
खातात. गोळ्या गणपतीपासून बंद होत्या, बरं वाटतंय म्हणून. आता त्याचं काय करू?

इतिहासवेडा
गंमत म्हणजे ज्या अमेरिकन सर्जन डिबेकींनी या आजाराची वर्गवारी केली, डेक्रॉन कापडाच्या कृत्रिम धमन्या बायकोच्या शिलाई मशीनवर शिवल्या, त्यांनाच २००५ च्या ३१ डिसेंबरला डिसेक्शन झालं. वय ९७! ऑपरेशन होऊन ९९ पर्यंत जगले.

गवती_चहा
त्यांचं वरच्या भागातलं होतं आणि छाती उघडून केलं. इथे त्याचा काय उपयोग?

पेठेतला
नातेवाइकांच्या राहण्याची सोय हवी असेल तर मेसेज करा. जेवणाचा डबाही मिळतो, पोळ्या घरगुती.

काळीपांढरी_फिल्म
@कृष्णाकाठ, एक मिनिट. वर चिडून लिहिलंत की २०१३ ला बायपास झालीये. ती स्टेंट घालणाऱ्या टीमला माहीत आहे का? छातीच्या आतली डावी धमनी वापरली होती का?

कृष्णाकाठ
त्याचा इथे काय संबंध? ते हृदयाचं होतं. छातीवर वण आहे, दिसतोच की त्यांना.

काळीपांढरी_फिल्म
बायपासमध्ये बहुतेक वेळा छातीतली डावी धमनी हृदयाला जोडतात, आणि ती निघते डाव्या सबक्लेव्हियनमधून. तुमची फाट तिच्या लगेच पुढे आहे. ग्राफ्ट पकडायला फाटेच्या वर साधारण दोन सेंमी चांगली धमनी लागते, म्हणजे सबक्लेव्हियनचं तोंड झाकलं जाण्याची शक्यता मोठी. ते झाकलं तर हृदयाचा तो पुरवठा बंद. अशा वेळी आधी मानेतून सबक्लेव्हियनला वेगळी जोडणी करून देतात, त्यामुळे मणक्याचा धोकाही कमी होतो. २०१३ च्या डिस्चार्ज कार्डावर 'लिमा' (तीच छातीतली डावी धमनी) शब्द आहे का, आत्ता बघा.

नाद_एकच
मानेतून? म्हणजे अजून दोन लाख.

कृष्णाकाठ
कार्ड इस्लामपूरला आहे. आईला फोन करून कपाट उघडायला लावलं, फोटो आला. "लिमा टू एलएडी" लिहिलंय.

काळीपांढरी_फिल्म
म्हणजे तीच धमनी हृदयाच्या पुढच्या धमनीला (एलएडी) जोडलीय. सकाळची वाट पाहू नका. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरला फोटो दाखवा आणि केसपेपरवर नोंद करायला लावा. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती आहे तेही विचारा.

कृष्णाकाठ
दाखवलं. मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. आता म्हणतात घाई नको, बीपी १२० च्या आत ठेवून दोन-तीन आठवडे थांबू, आधी मानेची जोडणी, मग स्टेंट. नवा अंदाज उद्या देणार. क्रिएटिनिन १.४. चालेल ना?

वनौषधी_प्रेमी
क्रिएटिनिनला पुनर्नवा.