मदत हवी आहे : खुर्चीत बसून पक्षी पाहायचेत, दुर्बीण कशावर टेकवावी?

नमस्कार मंडळी. वॉकर घेऊन चालणाऱ्या निवृत्त काकांसाठी पुण्यात दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बैठक लावतोय. दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमी), वजन साधारण ७०० ग्रॅम. दोन-तीन मिनिटांत हात भरून येतात, चित्र थरथरतं, तोवर शिंजीर (इवलासा, मध पिणारा पक्षी) जास्वंदीवरून पसार. (१०× सुचवू नका, थरथर आणखी मोठी दिसते.) ट्रायपॉडचे पाय वॉकरला अडतात. मोनोपॉड (एकपायी स्टँड) खुर्चीच्या सीटवर, मांड्यांमध्ये टेकवला की उंची जमते, पण झाडाच्या शेंड्याकडे बघताना मान आखडते. दुर्बिणीच्या मधल्या बिजागरीचं पुढचं टोपण काढल्यावर आत पाव इंची आटे आहेत, म्हणजे एल आकाराचा अडॅप्टर बसेल. तो खुर्चीच्या हाताला क्लॅम्पने कुणी जोडलाय का? प्लॅस्टिकचा हात वाकतो का?

दुसरं, पाण्याचं. मातीची परळ, दीड इंच पाणी, मधे खडबडीत दगड. बुलबुल, दयाळ येतात. डास नकोत म्हणून पाणी रोज बदलतो. पण कबुतरं आली की दहा मिनिटांत सगळं घाण! वरून दोन इंची चौकटीची जाळी पालथी घातली तर चष्मेवाला (चिमणीहून लहान पक्षी) आत शिरेल, दयाळ मात्र बिचकेल असं वाटतं. अनुभव?

आणि भिगवणला (उजनी धरणाच्या पाण्याकाठी) कुंभारगावात पक्षी बघायला होडीत चढणं गुडघ्यांना जमणार नाही. काठावर खुर्ची टाकून किंवा गाडीतूनच चक्रवाक, शेकाटे हे पाणपक्षी नीट दिसतील अशी जागा कुठली? सकाळी ऊन पाठीमागे हवं.