शब्दचर्चा : भाषण, आविष्कार की अभिव्यक्ती?

प्रश्न :
राज्यघटनेवरील एका लेखाचे भाषांतर करताना अडलो आहे. कलम १९(१)(क) भाषण आणि अभिव्यक्ती या दोहोंचे स्वातंत्र्य देते. उद्देशिकेत मात्र ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना’ एवढेच आहे, तेथे ‘भाषण’ नाही. हे स्वातंत्र्य बोलणाऱ्याच्या हितसंबंधांसाठी आहे की ऐकणाऱ्याच्या, हा लेखाचा विषय आहे. ‘भाषणस्वातंत्र्य’, ‘आविष्कारस्वातंत्र्य’ आणि ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्य’ यांपैकी कोणता शब्द योजावा?

प्रतिसाद :
‘भाषण’ मराठीत केव्हाच व्यासपीठावर जाऊन बसले आहे. दोघांच्या बोलण्याला आपण ‘संभाषण’ म्हणतो. नुसते ‘भाषण’ असले की ते ठोकले जाते आणि ऐकणाऱ्याला टाळ्यांपलीकडे काम उरत नाही. ‘आविष्कार’ हा लेखक-कलावंतांचा शब्द आहे. तो जाहिरातीला लावून पाहा, हसू येईल. ‘टाटा प्रेस’ खटल्यात (१९९५) तर सर्वोच्च न्यायालयाने जाहिरातीलाही याच कलमाचे संरक्षण दिले. ‘अभिव्यक्ती’मध्ये ‘व्यक्त’, म्हणजे उघड होणे आहे, आणि उघड व्हायचे ते कोणासमोर तरी. व्युत्पत्तीवर कायदा उभा राहत नाही हे मान्य करूनही मी हाच शब्द निवडेन. (समासात ‘ति’ ऱ्हस्व, हे आपण बरोबर लिहिले आहे.)

आपल्या लेखात ‘मत’ या शब्दाकडेही लक्ष द्यावे. उमेदवारांची गुन्हेगारी पार्श्वभूमी आणि मालमत्ता मतदाराला कळलीच पाहिजे, असा निकाल २००२ मध्ये देताना न्यायालयाने मतदान ही मतदाराची अभिव्यक्ती मानली आणि माहितीवाचून ती अर्थपूर्ण होत नाही, असे म्हटले. म्हणजे माहिती मागणाऱ्याला या कलमाच्या आत घेतले ते श्रोता म्हणून नव्हे, तर बोलणारा म्हणून! मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण चर्चेत देतो तेही आपले मतच आणि निवडणुकीत देतो तेही मतच. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोख्यांची, म्हणजे राजकीय पक्षांना नाव उघड न करता देणगी देण्याची, योजना रद्द झाली, तीही मतदाराच्या याच माहितीच्या हक्कावर.

दुसरा प्रतिसाद :
शब्दनिवड पटते, पण श्रोता नेहमी बोलणाऱ्याच्या दारानेच आत येतो, असे नाही. ‘क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगाल’ खटल्यात (१९९५) न्यायालयाने प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली आणि श्रोते-प्रेक्षकांच्या हिताला प्रसारकाच्या हिताहून वरचे स्थान दिले. तेथे श्रोत्याला स्वतःची जागा आहे.

माझी खरी हरकत आपल्या प्रश्नातील ‘हितसंबंध’ या शब्दाला आहे. मराठीत हितसंबंध ‘गुंतलेले’ असतात आणि ते जपणाऱ्याकडे आपण संशयानेच पाहतो. ‘श्रोत्याचे हितसंबंध’ असे लिहिलेत, तर श्रोत्याचेच काही लागेबांधे आहेत, असा वाचकाचा समज होईल. तेथे नुसते ‘हित’ लिहावे. ‘हितसंबंध’ वृत्तपत्राच्या मालकाबद्दल लिहाल तेव्हा हवाच आहे.