अनुभव धागा: ओरॅकल पार्कला सामना बघायला जाताना

मंडळी, सॅन फ्रान्सिस्कोच्या ओरॅकल पार्कबद्दल (जायंट्स या बेसबॉल संघाचं घरचं मैदान) दर उन्हाळ्यात तेच प्रश्न येतात: सीट कुठली घ्यायची, पाणी कुठून दिसतं, कपडे किती न्यायचे. जाणकारांनी सविस्तर लिहा. "मस्त आहे, नक्की जा" एवढंच सांगायचं असेल तर राहू द्या.

सनीव्हेलहून, सीटबद्दल
होम प्लेटपाशी, म्हणजे फलंदाजाच्या जागी, उभं राहून सेंटर फील्डकडे (समोरच्या टोकाकडे) बघितलं की तोंड साधारण पूर्वेला येतं. बाकीचा हिशेब यावरून मांडा. पहिला बेस आणि राइट फील्ड उजव्या हाताला, तिसरा बेस आणि लेफ्ट फील्ड डाव्या. दुपारच्या सामन्यात पहिल्या बेसच्या बाजूला, मागच्या रांगांत सावली लवकर येते. तिसऱ्या बेसकडे ऊन टिकतं. लेफ्ट फील्डच्या ब्लीचर्समध्ये (उघड्या बाकांवर) दिवस कलला की सूर्य थेट डोळ्यांत. जायंट्सचा डगआउट (खेळाडूंची बसायची जागा) तिसऱ्या बेसकडे आहे.

पाणी बघायचं तर सगळ्यात वरचा मजला, म्हणजे 300 चे सेक्शन. तिकीट स्वस्त आणि देखावा उत्तम, असं फार कमी ठिकाणी मिळतं. तिसऱ्या बेसच्या वरून मॅककोव्ही कोव्ह, म्हणजे राइट फील्डबाहेरची खाडी, दिसतं, पहिल्या बेसच्या वरून लेफ्ट फील्डपलीकडे बे ब्रिज. खालच्या महागड्या सीटवरून खेळाडू जवळ, पण पाणी राइट फील्डच्या भिंतीआड जातं.

डेली सिटीहून
थंडीचं मनावर घ्या! जुलै-ऑगस्टमध्ये सॅन होजेत घाम फुटत असतो आणि इथे रात्री 13-14 अंश, वर बोचरा वारा. हुडी पुरत नाही. वारा अडवणारं जॅकेट आणि कानटोपी हवी. नऊपैकी पाचव्या इनिंगनंतर (डावानंतर) खरी हुडहुडी भरते. लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर दुपारचा 1:05 चा सामना बरा.

कायाक चालवणारा
कोव्हमध्ये कायाकवर बसून सामना दिसत नाही, हे आधीच सांगतो. राइट फील्डची भिंत 24 फूट उंच. जायंट्सचा दिग्गज खेळाडू विली मेजचा क्रमांक 24, त्यावरून ती उंची. खेळ रेडिओवर ऐकायचा: केएनबीआर, 680 एएम. साधा ट्रान्झिस्टरच न्या, कारण मोबाइलवरचं प्रक्षेपण मागे असतं. लोकांचा ओरडा ऐकून वर बघेपर्यंत चेंडू पाण्यात पडलेला असतो.

राइट फील्डच्या रेषेवर भिंत होम प्लेटपासून फक्त 309 फूट, म्हणून ताकदवान डावखुरा फलंदाज आला की सगळे सावध होतात. पण रेषेपासून आत सरकलं की भिंत झपाट्याने लांब जाते, राइट-सेंटरला 415 फुटांपर्यंत. त्यात समुद्रावरची थंड, जड हवा. चेंडू थेट पाण्यात पडला आणि मारणारा जायंट्सचा असला तरच 'स्प्लॅश हिट'. भिंतीबाहेरच्या फरसबंदीवर टप्पा पडून पाण्यात गेला तर मोजत नाहीत. जायंट्सचा फलंदाज बॅरी बाँड्स, त्याचे एकट्याचे 35 आहेत. लाइफ जॅकेट घालाच, आणि कपड्यांचा सुका जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

फ्रिमॉन्टहून
गाडी नेऊ नका. आपल्याकडून बार्ट रेल्वेने एम्बार्काडेरो, तिथून मुनीची (शहराच्या वाहतूक सेवेची) एन लाइन. सॅन होजेकडच्या साउथ बेवाल्यांना कॅलट्रेन ही रेल्वे सोपी. फोर्थ-किंग स्टेशनवरून पाच-सात मिनिटं चालायचं. क्लिपर हे प्रवासाचं कार्ड सगळीकडे चालतं. पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायला ठरावीक सेकंदांची मर्यादा, आल्यापासून सामना साधारण अडीच-पावणेतीन तासांत आटोपतो. संध्याकाळी 6:45 चा असेल तर साडेनऊच्या आसपास सुटतो. तरी नवव्या इनिंगला बरोबरी झाली तर किती लांबेल सांगता येत नाही, म्हणून परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधीच बघा.

तिकीट बॉलपार्क अॅपमध्ये येतं. दारात गर्दीने नेटवर्क रडतं आणि स्क्रीनशॉट चालत नाही. तिकीट घरूनच फोनच्या वॉलेटमध्ये टाका.

खाण्याबद्दल
घरचं खाणं आत नेता येतं, ठेपले-पराठे खुशाल न्या. काचेची बाटली आणि कॅन नको. गार्लिक फ्राइज इथली खासियत, शाकाहाऱ्यांची सोय होते. मात्र लसणाचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत हटत नाही. शेवटच्या इनिंगांना सीगल उतरू लागतात, उघडी पुडी मांडीवर ठेवू नका.

तिकीट न काढता
राइट फील्डच्या भिंतीला पाण्याच्या बाजूने जाळीच्या कमानी आहेत. तिथे उभं राहून खेळ फुकट बघता येतो, तोही मैदानाच्या पातळीवरून. गर्दी असली तर तीन इनिंगनंतर जागा सोडायला सांगतात. जुने प्रतिस्पर्धी डॉजर्स, त्यांच्याविरुद्ध तिकिटं महागतात, त्या दिवशी इथेही रांग लागते. मंगळवार-बुधवारी एखाद्या साध्या संघाविरुद्ध गेलात तर निवांत बघता येतं.