सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही (मुक्काम म्हार्दोळ)

प्रेषक: मस्कतचा सभासद, सध्या म्हार्दोळ

मंडळी, नमस्कार.
चवथीसाठी घरी आलोय. गाडी २०१५ची पेट्रोल हॅचबॅक, पडवीला लागून पत्र्याखाली उभी असते. भाऊ अधूनमधून फिरवायचा, पण पाऊस लागल्यापासून कुणी हात लावला नव्हता. बॅटरी उतरली होती, नवी टाकली. आता सेल्फ दणक्यात फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. साधं खोकतही नाही. इथल्या मेकॅनिकने बॉनेट उघडून बघितलं न बघितलं आणि निकाल दिला: ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून आई म्हणाली, एवढ्यात चवथ दोनदा होईल. माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या) सामानाला बाणस्तारीच्या बाजारात जायचंय, आईला फोंड्याला डॉक्टरकडे न्यायचंय. कुणी मार्ग सुचवेल का?

——

प्रेषक: मस्कतहून एक सभासद

आधी टाकी रिकामी कर. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, ते पावसाळ्यात ओल धरतं. उभ्या गाडीत खाली पाणी बसलं असणार. टाकी उघडलीच आहे तर पंपही नवा टाकून घे, पुन्हा कटकट नको.

——

प्रेषक: पर्वरीचे काका

अरे थांबा, काहीही काढू नका आणि काहीही विकत घेऊ नका. इथेनॉल ओल धरतं हे खरं आहे, पण नुसत्या अंदाजावर टाकी खाली कशाला उतरवायची? निम्मी उत्तरं गाडी चावी फिरवतानाच देते.

सेल्फ जोरात फिरतोय, म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर सोड. (बॅटरी अर्धवट असेल तर सेल्फ फिरतो, पण व्होल्टेज फारच खाली गेलं की ईसीएमच जागा होत नाही. तुझी नवी आहे, तरी टर्मिनल घट्ट आहेत ना ते बघ.) फिरण्याचा आवाजही ऐक. प्रत्येक सिलिंडरच्या दाबाला इंजिन किंचित अडखळतं, तो ठेका हवा. ठेका नसेल आणि इंजिन मोकळंच, नेहमीपेक्षा भरभर फिरत असेल, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घ्यायची आणि सेल्फ मारणं तिथेच थांबवायचं.

आता चावी नुसती ऑन कर, सेल्फ मारू नको. घरातला मिक्सर, टीव्ही बंद करायला सांग आणि मागच्या सीटजवळ कान ने. दोन-तीन सेकंद बारीक घूं ऐकू यायला हवं, तो टाकीतला पेट्रोल पंप. आला नाही तर आधी फ्यूज आणि रिले, पंप त्यानंतर. त्याच वेळी मीटरवर चावीच्या चित्राचा लाल दिवा बघ. तो लागून विझला तर ठीक. सारखा लुकलुकत राहिला तर इमोबिलायझरने (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने) तुझी चावी ओळखलेली नाही, कपाटातली दुसरी चावी लावून बघ. रिमोटचा सेल मेला असला तरी त्याचा याच्याशी संबंध नाही, चावीतल्या चिपला सेल लागत नाही.

मग कुणाला तरी सेल्फ मारायला बसव आणि तू आरपीएमचा काटा बघ. इंजिन फिरताना काटा जरासा तरी उचलतो का? सगळ्या गाड्यांत उचलत नाही, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नको, पण मला कळव. शेवटी एक प्लग काढून बघ, ओला आहे की कोरडा. ठिणगी बघायची तर ठिणगी तपासायचा टेस्टर लावून, वायर हातात धरून अजिबात नाही. जुन्या मेकॅनिकांचं बघून पोरं ते करायला जातात. आताच्या कॉइलला हजारो व्होल्ट असतात आणि आजूबाजूला पेट्रोलची वाफ असते.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती दे.

——

प्रेषक: म्हापशाची ताई

काकांच्या यादीच्या आधी एक विचारते: आवारात पाणी भरलं होतं का? आमच्या खालच्या वाड्यात जुलैत भरलं होतं. एअर फिल्टरपर्यंत पाणी गेलं असेल तर सेल्फ मारायचाच नाही. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि शंभराचं काम लाखावर जातं. फिल्टरचा डबा उघडून बघ, दोन क्लिपा तर काढायच्या असतात.

——

प्रेषक: म्हार्दोळहून

ताई, पाणी नव्हतं, आमचं घर चढावर आहे. पण डबा उघडला ते बरं झालं. आत नारळाचा काथ्या, सुपारीची सालं आणि फिल्टरच्याच कागदाचा चुरा. उंदराने छान बिऱ्हाड केलं होतं. मला वाटलं हवा अडली म्हणून चालू होत नसेल, सगळं झाडून फिल्टर बाजूला ठेवून सेल्फ मारला. तरी तेच.

काका, बाकीचं असं: पंपाचा आवाज येतो, स्पष्ट. लाल दिवा लागून विझतो. सेल्फचा ठेका नेहमीसारखा. आरपीएमचा काटा शून्यावर चिकटलेला. भाऊ म्हणतो बॅटरी चांगली असताना तो थोडा हलायचा. प्लग कोरडा ठणठणीत, सायलेन्सरपाशी पेट्रोलचा वाससुद्धा नाही. टेस्टर शेजारच्या वायरमनकडे होता, ठिणगी नाही.

——

प्रेषक: पर्वरीचे काका

शाब्बास. पंप दाब देतोय, पण इंजेक्टर पेट्रोल सोडत नाहीत आणि कॉइल ठिणगी देत नाही. दोन्ही एकदम गेले. घरातला दिवा आणि पंखा एकाच क्षणी बंद पडले तर आपण बल्ब बदलत नाही, फ्यूज बघतो. इथेही दोघांना हुकूम देणारा एकच आहे, ईसीएम. आणि इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगतो क्रँक सेन्सर. तो गप्प असला तर ईसीएमच्या लेखी गाडी उभीच आहे, मग तो पेट्रोलही सोडत नाही आणि ठिणगीही देत नाही. मेकॅनिकला ईसीएम मेल्यासारखा दिसला तो यामुळे.

शिळ्या पेट्रोलचा मुद्दा इथे आपोआप निकालात निघाला. पेट्रोल कितीही खराब असलं तरी ठिणगी जात नाही, आणि प्लग ओला मिळाला असता.

तुझा भाऊ उद्या पणजीला येणार असेल तर ईसीएममधले बिघाडाचे कोड वाचणारा माझा स्कॅनर घेऊन जा. २०१५ची गाडी आहे, स्टिअरिंगखाली सॉकेट असणारच. सेल्फ मारताना लाइव्ह डेटामध्ये आरपीएम शून्य दिसला आणि पी०३३५ हा कोड आला तर सेन्सर किंवा त्याची वायर. आणि सेन्सर मागवण्याआधी वायर बघ, कारण तुझ्याकडे भाडेकरू होता. गिअरबॉक्स इंजिनला जोडतो तिथून निघून ती बहुतेक गाड्यांत वर हारनेसला (वायरींच्या जुडग्याला) मिळते. एअर फिल्टरच्या डब्याखालचा भाग टॉर्च मारून हाताने चाचपून बघ, नुसतं वरून दिसणार नाही.

——

प्रेषक: म्हार्दोळहून

सापडलं! कोड तोच, आरपीएम शून्य. डबा पूर्ण बाहेर काढला तेव्हा गिअरबॉक्सच्या डोक्यावर वायरचा तुकडा दिसला. वरची काळी नळी कुरतडलेली, आतली एक वायर तुटलेली, दुसरीचं रबर जाऊन तांबं हिरवं पडलेलं. बाहेरून जाळीदार शील्ड होतं, त्याच्याही चिंध्या.

फोंड्याचा ऑटो इलेक्ट्रिशियन घरी आला. नुसती पिळून टेप मारूया म्हणत होता, मी सोल्डर आणि हीट श्रिंकचा (तापवली की आवळणाऱ्या नळीचा) हट्ट धरला. कुठली वायर कुठे, हे फोटो काढून ठेवलं होतं म्हणून अदलाबदल झाली नाही. शील्डही जोडलं. पहिल्या सेल्फला नाही, दुसऱ्याला चालू झाली. नव्या फिल्टरसह खर्च हजाराच्या आत. ईसीएमवाल्याला फोन करून नको सांगितलं.

गणपती यायच्या आधी त्याच्या वाहनाने आमचं वाहन बसवलं, यावर घरात दिवसभर विनोद चालू आहेत. आई म्हणते उंदराला आता मारू नका, चवथ होऊ दे.

——

प्रेषक: मस्कतहून एक सभासद

मग पेट्रोल बदलायचं की नाही?

——

प्रेषक: पर्वरीचे काका

बदलू नका. ताजं वरून भरा आणि गाडी चालवा. धक्के देत चालली तर बघू.

टेप न मारण्याचा हट्ट बरोबर होता. तिथे इंजिनची उष्णता आणि ऑइलचा ओलावा, टेपचा गोंद वितळून पुढच्या पावसात पुन्हा हेच झालं असतं. वायरवर नवी नळी चढव आणि ती गिअरबॉक्सला टेकणार नाही अशी बांध.

स्कॅनर परत पाठवायची घाई नको. वेर्ण्याला कुणी जात असेल तर त्याच्या हाती दे. तिथल्या आपल्या एका सभासदाची गाडी गरम झाली की वाटेत बंद पडते, अर्ध्या तासाने थंड झाली की आपोआप चालू होते. हा क्रँक सेन्सर आतून म्हातारा झाला की नेमकं असंच करतो, वायर मात्र धडधाकट असते. त्यांना सांग, बंद पडली की तिथेच, गरम असतानाच स्कॅनर लावा. गॅरेजपर्यंत पोचेस्तोवर गाडी थंड होते आणि मेकॅनिकला काहीच सापडत नाही.