'पॉवर बियाँड'ला मराठीत काय म्हणावं? (जुना ट्रॅक्टर, पुढचा लोडर)

माळरान_ताई
कामाचा प्रश्न आहे म्हणून सविस्तर लिहिते. माझा भाऊ आणि त्याचे दोन मित्र जुन्या ट्रॅक्टरना पुढं लोडर बसवून देतात, शेणखत भरायला, मुरूम ओढायला. लोडरसोबत जे इंग्रजी माहितीपत्रक येतं ते मी मराठीत करतेय, कारण पाईप जोडणारी पोरं इंग्रजी वाचत नाहीत. आता अडलंय ते असं. लोडरच्या व्हॉल्व्हला तेल आत यायला एक तोंड आणि बाहेर जायला दोन. एकातलं तेल सरळ टाकीत जातं, त्याला जोर नसतो. दुसऱ्यातलं तेल पुढं मागच्या लिफ्टकडं (नांगर उचलते ती) जातं आणि लिफ्ट उचलली की तिथं पूर्ण प्रेशर येतं. हे दुसरं म्हणजे पॉवर बियाँड. मी पहिल्या खर्ड्यात 'तेल बाहेर १' आणि 'तेल बाहेर २' असं लिहिलं होतं. एका ठिकाणी पोरांनी दोन्ही उलटे जोडले. लोडर चालला, पण लिफ्ट उचलेना. मग लिफ्टचा लिव्हर वरच ठेवून, मागं नांगर लटकलेला असताना बकेट हलवली, माघारी येणाऱ्या तेलाला वाट मिळेना आणि व्हॉल्व्हचं सील फाटलं. कुणाला लागलं नाही हे नशीब. पण चूक त्या शब्दांची होती आणि शब्द माझे होते. तर नेमका शब्द सुचवा.

पाना_पकड
ताई, आम्ही वर्कशॉपात टाकीकडं जाते ती रिटर्न, आणि ह्या पॉवर बियाँडला 'पुढची लाईन' म्हणतो. बाकी पंप, व्हॉल, जॅक, होज पाईप. एवढ्यात सगळं काम भागतं. मराठी करायला गेलात तर पोरं आधी तुमची मराठी समजून घेतील, मग पाईप जोडतील.

शब्दवेडा
असहमत. झडप, दट्ट्या, दाब हे सगळे शाळेच्या पुस्तकातले शब्द आहेत, कुणाला परके नाहीत. आणि 'जॅक' तर चूकच, जॅक म्हणजे पंक्चर काढताना गाडी उचलायचा. इथे सिलिंडर आणि त्यात दट्ट्या असं हवं. शिवाय बरेच जण हल्ली तेलाचा 'दबाव' लिहितात. तेलाला दाब असतो, दबाव माणसावर येतो. रक्तदाब म्हणतो ना आपण?

पाना_पकड
दाब बरोबर आहे साहेब, पण गेज वाचताना पोरगं म्हणतं "दीडशे केजी आलं". म्हणजे चौरस सेंटिमीटरला दीडशे किलो, जवळपास १४७ बार, साधारण २१०० पीएसआय. त्यात दाब पण नाही आणि प्रेशर पण नाही, नुसतं केजी. आणि टिपिंग ट्रॉलीला लोक तीस वर्षं जॅकच म्हणतायत, तो शब्द आता ट्रॉलीचाच झाला.

टेलचा_माणूस
ताई, तुमचा प्रश्न वाचल्यावर मला आमचा कॅनॉलच दिसला. आम्ही चारीच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला, आयुष्य पाण्याची वाट बघण्यात गेलं त्यामुळे हे डोक्यात पक्कं बसलंय. तुमचा व्हॉल्व्ह ओपन सेंटर जातीचा, म्हणजे वाहता पाट. लिव्हर मधोमध असला की पाणी कुठल्याच वाफ्यात न जाता सरळ पुढं जातं, थांबत नाही, म्हणून पंपावर ताण नाही. लिव्हर ओढला म्हणजे दारं मोडलं, पाणी त्या वाफ्यात, म्हणजे त्या जॅकमध्ये. आता पाटाच्या शेवटी दोन गोष्टी होऊ शकतात, पाणी ओढ्याला सोडून द्यायचं किंवा पुढच्या वावराला द्यायचं. टाकीची लाईन म्हणजे ओढा. पॉवर बियाँड म्हणजे पुढच्या वावराचा पाट. 'पुढचा पाट' आणि 'ओढा' लिहा, कुठलंही पोरगं उलटं जोडणार नाही, कारण ओढ्याला सोडलेलं पाणी कुणी पिकाला देत नाही.

माळरान_ताई
काका हे फारच नेमकं आहे. क्लोज्ड सेंटरला मग 'तुंबता पाट' म्हणू का? लिव्हर मधे असताना तेल थांबलेलं, पण प्रेशर धरून.

गोदाकाठ
वाहता पाट छान आहे पण 'दारं मोडणं' सगळीकडं नाही हो. आमच्या नाशकाकडं बारं देतात. कांद्याला बारं दिलं. दारं म्हटलं की घराचं दार आठवतं.

टेलचा_माणूस
दारंच. पाटाला जे तोंड करतो ते दारच आहे पाण्याचं. रात्रपाळीला 'दारं धरायला' गेलेल्या माणसाला विचारा, थंडीत पाय बधिर होतात तेव्हा शब्द विसरत नाही.

वऱ्हाडी_ओल
आमच्याकडे दोन्ही नाही, ओलित करतात. वावर मात्र आमचाच शब्द, तुम्ही रान म्हणता.

शब्दवेडा
मला वाटतं बारं हे 'द्वार'वरूनच आलं असावं, हिंदीतलं किवाड-बार आहे तसंच. म्हणजे दारं आणि बारं सख्खी भावंडं.

गोदाकाठ
का? पाळीचं पाणी येतं ती वेळ, 'बारी', तिच्यावरून का नाही? आमची आजी पाण्याच्या पाळीलाच बारी म्हणायची.

जुनं_लोखंड
शब्दांचं चालू द्या, पण एक गोष्ट पत्रकात घाला नाहीतर पुन्हा नुकसान होईल. हा वाहता पाट सगळ्या जुन्या ट्रॅक्टरात नाही. आमच्याकडं मॅसी फर्ग्युसन १३५ होता, वडिलांचा. त्या जातीत पंप गिअरबॉक्सच्या तेलात बुडालेला असतो, पिस्टनचा असतो, पीटीओच्या (मागची अवजारं फिरवतो त्या) शाफ्टवर फिरतो, आणि कंट्रोल पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. लिफ्टला तेल नको असेल तर पंप तेल ओढतच नाही. म्हणजे पाट वाहता पण नाही आणि तुंबता पण नाही, विहिरीवरची मोटच थांबवलेली. असल्या ट्रॅक्टरला लोडर लावायचा तर बरेच जण इंजिनवर वेगळा गिअर पंप आणि वेगळी टाकी बसवतात. त्याला 'पुढचा पाट' लागतच नाही.

आणि 'लीक'ला 'गळती' लिहू नका. गळती म्हटलं की माणूस बोट लावून बघतो. एवढ्या प्रेशरला सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेलं तेल कातडीत शिरतं, वरून बारीक टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात सडतो, ताबडतोब ऑपरेशन लागतं. पुठ्ठा धरून बघायचं. 'चिळकांडी' लिहा.

माळरान_ताई
चिळकांडी लिहिते, नक्की. मोटेचं पण घालते, वेगळ्या पानावर.

शब्दवेडा
चिळकांडी डोळ्यांना दिसते. ही दिसत नाही म्हणता, मग 'फवारा'?

जुनं_लोखंड
फवारा औषधाचा. लोक फवाऱ्याला घाबरत नाहीत हीच तर अडचण आहे.

पाना_पकड
अजून एक, गावात कुणी 'फ्रंट एंड लोडर' म्हणत नाही. "ट्रॅक्टरला जेसीबी लावला" म्हणतात. पत्रकाच्या नावातच जेसीबी टाका.

शब्दवेडा
हे मात्र अजिबात नको! जेसीबी हे कंपनीचं नाव आहे, जोसेफ सिरिल बॅमफर्ड या माणसाची आद्याक्षरं. पोकलेनचं तेच झालंय, तीही फ्रान्सची कंपनी.

जुनं_लोखंड
पण त्या बॅमफर्डनं १९४५ला सुरुवात केली तीच टिपिंग ट्रॉलीपासून, आणि आज ज्याला आपण जेसीबी म्हणतो तो बॅकहो, मागं खोदायचा हात असलेला, १९५३चा. ट्रॅक्टरला हायड्रॉलिक लोडर लावायचं काम त्यांनी त्याच्या आधीच केलं होतं. म्हणजे गावातला माणूस नकळत बरोबरच बोलतोय.

वऱ्हाडी_ओल
आमच्या इकडं बकेटला सूप म्हणणारे जुने लोक आहेत. आकार बघा, तंतोतंत सूपच.

गोदाकाठ
सूप पाखडायला असतं, भरायला नाही. भरायला घमेलं.

वऱ्हाडी_ओल
घमेलं गोल असतं दादा. सूप समोरून उघडं असतं, बकेटसारखं. आणि सुपानं धान्य भरतातही, आमच्या आईला पोत्यात भरताना बघितलंय.

गोदाकाठ
तुमच्याकडं सुपानं पोतं भरतात? आमच्याकडं त्याला सुपली लागते, ती वेगळी.